बाकी कोणाची?

जुने मराठी पुस्तक हाती आले की त्याच्या आतल्या पानावर खाली किंमत छापलेली असते: ‘किंमत १॥ रु.’, ‘मूल्य २। रु.’, क्वचित ‘॥। रु.’. आजच्या विद्यार्थ्याला या उभ्या रेघा बहुधा छपाईतील चूक वाटतात, नाहीतर श्लोकाच्या शेवटी येणारे दंड. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे पहिल्या पुस्तकाची किंमत दीड रुपया, दुसऱ्याची सव्वादोन आणि तिसऱ्याची पाऊण रुपया, अर्थात बारा आणे. मोडीतील जमाखर्च आणि देवनागरीतील छपाई या दोहोंत ही खूण शतकानुशतके चालत आली. पेशवाईतील दप्तरांसाठी जो कागद जुन्नरला तयार होई आणि ‘जुन्नरी’ याच नावाने ओळखला जाई, त्यावरही हिशेबनीस याच रेघा ओढीत.

ही रेघ वाचता येईनाशी झाली, यात विद्यार्थ्याचा दोष नाही. ती ज्या नाण्यांसाठी होती ती नाणी गेली, नाण्यांबरोबर ते नाणे मोडून हिशेब करण्याची रीत गेली, आणि रीतीबरोबर पाढे गेले. मात्र एक गोष्ट गेली नाही, ती म्हणजे व्यवहाराच्या शेवटी उरणारी बाकी. रुपयाला न भागणारे, नाण्यात न मावणारे जे काही उरते, ते कोणाच्या पदरात पडावे हा प्रश्न लहान नाण्यांच्या इतिहासाचा खरा गाभा आहे असे मला वाटते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या निमित्ताने तो इथे मांडावयाचा आहे, कारण नाण्यांच्या आणि अपूर्णांकांच्या नोंदी या प्रदेशात जितक्या मागे नेता येतात तितक्या फार थोड्या ठिकाणी नेता येत असतील.

प्रथम जुनी रचना पाहू. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. पाठ्यपुस्तकात हे कोष्टक रुक्ष वाटते. पण बाजारात लोक ते कोष्टक म्हणून वापरीत नसत. ते नाणे निम्मे करीत जात. रुपयाच्या दोन अधेल्या, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे, आण्याचे दोन ढब्बू, ढब्बूचे दोन पैसे, पैशाच्या दोन दिडक्या. दीड पैची म्हणून दिडकी. सात वेळा निम्मे केले की रुपयाच्या एकशे अठ्ठावीस दिडक्या होतात आणि मध्ये कोठेही काही उरत नाही. सुट्या पैशांना ‘मोड’ हा जो शब्द आहे तो याच कृतीचा: रुपया मोडायचा, त्याचे तुकडे करायचे.

धान्याच्या मापांची विभागणीही हीच होती. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, कोळव्याची दोन निळवी. प्रत्यक्ष पायली गावागणिक थोडी लहानमोठी असे, पण निम्मे करण्याची रीत एकच. आता रुपयाला पायली असा भाव धरा. पायलीत चिपटी सोळा आणि रुपयात आणे सोळा. म्हणून चिपट्याचा एक आणा, कोळव्याचे दोन पैसे, निळव्याचा एक पैसा. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही हा हिशेब तोंडी येई, कारण त्यात गुणाकार-भागाकार नव्हता, केवळ निम्मे करणे होते. माप निम्मे झाले की नाणे निम्मे झाले. माप आणि नाणे एकाच रीतीने मोडत असल्यामुळे गरिबातल्या गरीब गिऱ्हाइकाला, ज्याला निळवेभरच घ्यायचे आहे, त्यालाही पायली घेणाऱ्याचाच भाव मिळत असे. निदान हिशेबापुरता तरी.

भाव असा नेमका भागत नसेल तेव्हा काय होई? तेव्हा उरलेले मालातून फेडले जाई. मापाच्या काठावर धान्याची जी रास उभी राहते ती शीग. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार आपण उत्साहापासून संतापापर्यंत सर्वत्र वापरतो, पण त्याचे मूळ दाणेवाल्याच्या मापात आहे. माप सपाट द्यायचे की शीग लावून द्यायचे, वर मूठभर वर्ताळा घालायचा की नाही, यावर घासाघीस चाले. उरलेली बाकी अशी दोघांच्या डोळ्यांदेखत, दोघांच्या संमतीने मिटे. शीग कमी पडली तर गिऱ्हाईक बोलून दाखवू शके.

या रीतीचे वय किती? नाणेघाट जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवर आहे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा. यज्ञांमध्ये दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे आणि भारतातील अंकलेखनाच्या इतिहासात तिचे स्थान फार वरचे आहे, कारण एवढ्या विविध संख्या अंकांनी कोरलेल्या इतक्या जुन्या काळात क्वचितच सापडतात. त्यात गायी, घोडे, हत्ती यांबरोबर कार्षापणांचे आकडे आहेत. एक आकडा २४,४०० कार्षापणांचा आहे. गायींच्या दानात १००१ आणि ११०१ असे आकडे येतात. शेवटचा ‘एक’ लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे. घाटातील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी लोकसमजूत आहे. ती खरी असो वा नसो, व्यापारी वाटेवरचा रांजण पाहून लोकांना पाणी न आठवता नाणी आठवावीत, हे त्या वाटेच्या स्मृतीशी सुसंगतच आहे.

अपूर्णांकांचा पुरावा मात्र शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत अधिक स्पष्ट आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि उरलेल्या एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. या ‘पाऊण’साठी प्राकृत लेखात जो शब्द कोरला आहे तो ‘पायून’. संस्कृत पादोन, म्हणजे पावाने उणे, प्राकृतात पायून, मराठीत पाऊण. विणकरांच्या श्रेणीशी झालेल्या करारातला शब्द आपण आजही ‘पाऊण तास’ म्हणताना उच्चारतो. हिशेबही पाहण्यासारखा आहे. दोन हजारांवर शेकडा एक दराने वर्षाचे दोनशे चाळीस होतात. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस बारे दोनशे चाळीस. ठेवीची रक्कम अशी बेतली होती की काही उरू नये.

नहपानाच्याच अमात्याचा, अयम याचा, शेचाळीसाव्या वर्षाचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे पाव अशा मासिक दराची नोंद वाचली गेली आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनार किंवा खजिनदाराच्या, मुलाने दान दिले. त्याच्या लगतच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. तात्पर्य एवढेच की जुन्नरच्या डोंगरांत पाव, पाऊण आणि पावणेदोन हे शब्द दगडावर कोरण्याइतके महत्त्वाचे होते. ज्याच्या नावे ठेव असेल त्याची पाव बाकीही बुडू नये, हा त्या कोरण्याचा हेतू होता.

भाषेने हे सारे जपले. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. दीड आणि अडीच हे शब्द अनुक्रमे ‘दुसरा अर्धा’ आणि ‘तिसरा अर्धा’ या अर्थाच्या संस्कृत समासांपासून आले. साडेतीनला ‘औट’ हा स्वतंत्र शब्द होता. ‘औट हाताचा देह’ असे आपण संतवाङ्मयाच्या संदर्भात म्हणतो तेव्हा तो ‘चौथा अर्धा’ असलेला हात मोजत असतो. या प्रत्येकाचा पाढा होता: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दिडकी हे नाणेही होते आणि पाढाही. गावच्या शाळेत हे पाढे ज्या घोकंपट्टीने पाठ करून घेतले जात, तिची आज थट्टा होते. पण बाजारात फसू नये एवढ्यासाठीच ते होते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुने सारे सोयीचे आणि न्याय्य होते असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. निम्मे करण्याची रीत सरळ होती, पण नाणे एक नव्हते. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात, १६७४ साली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराई पुढे इतकी रुळली की इंग्रजी अमलातही दख्खनच्या बाजारांत ती दीर्घकाळ चालत होती. पेशवाईत मात्र अंकुशी, चांदवडी अशा अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. रुपयाला शिवराया किती, हे ठरलेले नसे. कोणत्या रुपयाला किती कसर लावायची हे सराफ ठरवी, आणि त्या कसरीला नाव होते बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार याच पेढीवरचा. सारा भरायला गेलेल्या कुणब्याजवळचे नाणे हलके ठरले की बट्टा त्याच्याच पदरी येई. म्हणजे मोडीत न उरणारी बाकी नाण्याच्या पारखीत उभी राही, आणि ती जवळजवळ नेहमी पारख करणाऱ्याच्या बाजूने फिटे. कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया आणला तेव्हा बट्ट्याचे हे राज्य हळूहळू संपले. त्या सुधारणेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

दुसरी सुधारणा स्वतंत्र भारताची. १९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. नव्या पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे हिंदीत लिहावे लागले. नाण्यालाच स्वतःचे गणित सांगावे लागले. पाठोपाठ, १९५८ पासून, शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला आणि पायली-चिपट्याची जागा लिटरने घेतली. शंभराची सोय उघड आहे. दशमान पद्धतीने आकडेमोड सोपी होते, शाळेतील कित्येक वर्षे वाचतात, खतावण्या सुटसुटीत होतात. पण शंभर निम्मे केले की पन्नास, पुन्हा पंचवीस, आणि तिसऱ्या वेळी साडेबारा. इथे नाणे मोडायचे थांबते. चवलीचे नेमके नवे पैसे होत नाहीत, आण्याचेही होत नाहीत. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे.

मग कायद्याने नियम केला: अर्ध्या नव्या पैशाइतका किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा, अधिक असेल तर पूर्ण धरावा. त्यानुसार आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे बरोबर पंचवीस. हा नियम निःपक्ष आहे, पण तो लहान रकमांना कसा लागतो पाहा. जुना एक पैसा म्हणजे एक पूर्णांक छपन्न शतांश नवे पैसे. तो झाला दोन. पैशाला मिळणाऱ्या वस्तूचा भाव याच तक्त्याने दोन नवे पैसे केला, तर चार वेळा पैसा-पैशाची खरेदी करणारा नव्या नाण्यात आठ नवे पैसे देणार आणि एकदम आण्याची खरेदी करणारा सहा. निळवे घेणारा आणि पायली घेणारा यांचा भाव एक असण्याची जी हमी जुन्या मोडीत होती, ती इथे तुटली. कोणी फसवले असे नव्हे. शंभराच्या भागाकारातच ते होते, आणि ते लहान गिऱ्हाइकाच्या अंगावर आले.

तरीही या वेळी सरकारने एक गोष्ट केली होती. बाकीचे काय करायचे हे लिहून, छापून, तक्त्याच्या रूपाने सर्वांसमोर ठेवले होते. तक्ता हातात घेऊन गिऱ्हाईक दुकानदाराशी वाद घालू शकत होते. भाषेनेही आपला निवाडा दिला. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळून उरला तो नुसता पैसा; आणि आण्यांपैकी एक आणा, दोन आणे, तीन आणे हे हिशेबातून गेले, पण चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द पुढे कित्येक दशके राहिले. जे पंचवीसच्या पटीत बरोबर बसले ते टिकले, ज्यांच्यात बाकी उरत होती ते गेले. ‘सोळा आणे खरे’ हे तर अजून आहेच.

यानंतरचा काळ नाण्यांच्या संथ मरणाचा. ब्राँझ, निकेल-पितळ यांच्या जागी ॲल्युमिनियम आले. १९६४ चे षट्कोनी तीन पैशांचे नाणे त्यातले पहिले. १९६८ साली वीस पैशांचे नाणे आले, पण ते फारसे रुळले नाही. नाणे पाडण्याचा खर्च आणि त्याची किंमत यांचा मेळ बसेना, म्हणून एक, दोन आणि तीन पैशांची नाणी पाडणे सत्तरच्या दशकात हळूहळू बंद झाले. १९८८ मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची पोलादी नाणी आली. अखेर डिसेंबर २०१० च्या अधिसूचनेनुसार ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली. मालाचे भाव, करांच्या रकमा आणि वह्यांतील नोंदी पन्नास पैशांच्या किंवा पूर्ण रुपयाच्या पटीत आणाव्यात, असेही तेव्हा सांगण्यात आले. पन्नास पैशांचे नाणे आजही कायद्याने वैध आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे ते दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी चालते. पण मंचरच्या किंवा ओतूरच्या दुकानात ते पुढे करून पाहावे. कायदा आणि बाजार यांतले अंतर तत्काळ कळते.

२०११ च्या या बदलाविरुद्ध हळहळण्याचे कारण नाही. चार आण्यांत काही मिळत नव्हते, आणि ज्या नाण्याने काही मिळत नाही ते पाडीत राहणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्ययच. खरा प्रश्न त्या पन्नास पैशांच्या पटीचा आहे. दुकानात तेरा रुपये तीस पैसे झाले तर गिऱ्हाइकाने तेरा द्यायचे की साडेतेरा की चौदा? १९५७ प्रमाणे तक्ता कोणी छापला नाही. इतर देशांनी या प्रश्नाचे उत्तर निरनिराळे दिले. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचे नाणे वाटणे बंद केले तेव्हा वस्तूंचे भाव तसेच ठेवून केवळ अखेरची बेरीज, आणि तीही रोख व्यवहारातच, पाच सेंटच्या जवळच्या पटीत आणावी अशी मार्गदर्शक सूचना दिली. आपल्याकडे वस्तू आणि सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यात कराची रक्कम जवळच्या रुपयात आणण्याचे कलम आहे: पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. सरकार आणि व्यापारी यांच्यातील बाकी अशी नीट मिटवली गेली. व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यातील बाकी त्या दोघांवर सोपवली गेली.

दोघांपैकी ज्याच्याकडे गल्ला त्याच्या बाजूने ती मिटू लागली, हे वेगळे सांगायला नको. ‘सुट्टे नाहीत’ या दोन शब्दांबरोबर हातावर ठेवलेली गोळी सर्वांच्या आठवणीत आहे. गोळी ही शिगेची वारस म्हणता येईल, पण फार दरिद्री वारस. शीग गिऱ्हाइकाने मागितलेल्याच धान्याची असे आणि ती घासाघीस करून मिळे. गोळी मात्र न मागितलेली, न ठरवलेली वस्तू. आणि तीच गोळी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला रुपया म्हणून देऊ केली तर तो ती घेणार नाही. एका बाजूनेच चालते त्याला नाणे म्हणता येत नाही.

राज्य परिवहन महामंडळाने मात्र जून २०१८ च्या भाडेवाढीत बाकीचा नियम उघड जाहीर केला. सुट्ट्या पैशांवरून वाहक आणि प्रवासी यांच्यात होणारे वाद टाळण्यासाठी भाडे पाचाच्या पटीत आणले: सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. हा नियम १९५७ च्या तक्त्याच्या जातीचा, म्हणजे निःपक्ष होता. एकूण प्रवाशांची बेरीज केली तर कमीअधिक फिटून जावे असा. पण एकूण प्रवासी नावाचा कोणी मनुष्य गाडीत बसत नाही. घोडेगावहून मंचरला किंवा नारायणगावहून जुन्नरला रोज जाणारा विद्यार्थी एकाच टप्प्याचे तिकीट काढी. त्याचा टप्पा सात रुपयांचा असेल तर तो जाता-येता रोज चार रुपये मिळवी. आठांचा असेल तर जाता-येता रोज चार रुपये अधिक देई, तीनशे दिवसांत बाराशे. सरासरीचा न्याय एकेकट्याला न्याय वाटत नाही, कारण माणसाचा रोजचा रस्ता बदलत नाही.

आणि पैसे खरोखर गेले आहेत काय? नाणे गेले, पैसा गेला नाही. पेट्रोलच्या पंपावर दर रुपये-पैशांत असतो. गावच्या डेअरीत गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हे आधारमान धरून दर ठरतो, आणि त्याखाली एकेका पॉइंटमागे कपात होते. ती कपात वर्षानुवर्षे पैशांच्या भाषेत बोलली गेली आहे. जुन्नर-आंबेगावमध्ये ज्या घरी एक-दोन गाई आहेत त्या घराचा आठवड्याचा बाजार या पैशांवर ठरतो. दिवसाला दहा लिटर घालणाऱ्याला लिटरमागे वीस पैसे कमी मिळाले तर दिवसाचे दोन रुपये गेले, वर्षाचे सातशे तीस. हजारो लिटर गोळा करणाऱ्याच्या वहीत त्याच वीस पैशांचे काय होते, हे ज्याचे त्याने गुणून पाहावे. भीमाशंकरच्या बाजूला रानातून वेचलेला हिरडा पाटीभर घेऊन येणाऱ्या बाईची आणि तो टनांनी विकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी नाही. किलोमागे पन्नास पैसे ही बाईच्या दृष्टीने सोडून देण्याजोगी रक्कम ठरवली गेली आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती कधीच तशी नसते.

अपूर्णांक नाहीसा झालेला नाही. तो हातातून वहीत गेला आहे. ज्याच्याकडे वही आहे, ज्याची उलाढाल मोठी आहे, त्याच्यासाठी पैसा अजून जिवंत आहे. ज्याच्याकडे केवळ हात आहे त्याच्यासाठी रुपयाखाली काही उरले नाही. उषवदाताच्या लेखात पाऊण कोरला गेला तो ठेव घेणाऱ्या श्रेणीला बांधून ठेवण्यासाठी, म्हणजे दुबळ्या बाजूच्या रक्षणासाठी. आज पैसा लिहिला जातो तो बव्हंशी बलवान बाजूच्या वहीत.

मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आली आणि वाढत वाढत भाजीच्या पाटीपर्यंत पोहोचली. यंत्राला तेरा रुपये तीस पैसे पाठवण्यात काहीच अडचण नाही. सुट्ट्यांची सबब तिथे चालत नाही. तरीही आपण चौदा पाठवतो, किंवा भाजीवाली ‘तेराच द्या’ म्हणते. नाणी नाहीत म्हणून रक्कम पूर्ण करण्याची सवय लागली. आता नाण्यांची गरज उरली नाही, तरी सवय राहिली. एका अर्थी भाजीवालीचे ‘तेराच द्या’ ही शिगेची खरी वारस आहे: समोरासमोर, तोंडाने, ठरवून सोडलेली बाकी. फरक इतकाच की सोडणारी बहुधा तीच असते जिला ती सोडणे परवडत नाही.

आता नाणेघाटातल्या त्या ‘एक’कडे येऊ. हजारावर एक गाय, अकराशेवर एक गाय. दानाची रक्कम पूर्ण संख्येवर न थांबवता तिच्यापुढे थोडे टाकायचे, ही रीत आपल्याकडे अजून आहे: अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. नारायणगावला यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, तिथले बोलणे हजारांत आणि लाखांत चालते. पण देवापुढे ठेवायच्या रकमेत एक अधिक लागतोच. याच रीतीचे लहान रूप म्हणजे सव्वा रुपया. नवसाचा, दक्षिणेचा, शुभकार्याच्या आरंभाचा. बाजार बाकी मिटवून पूर्ण संख्येवर येऊ पाहतो; धर्म मुद्दाम थोडी बाकी उरवतो, व्यवहार संपला नाही, नाते पुढे चालू आहे, असे सांगण्यासाठी. १९५७ मध्ये सव्व्याला धक्का लागला नाही, कारण पावलीचे बरोबर पंचवीस पैसे झाले. ३० जून २०११ रोजी मात्र लागला. त्या दिवसापासून सव्वा रुपया वैध नाण्यांत हातावर ठेवता येत नाही. ज्या घरात जुने चार आणे जपून ठेवले आहेत तिथे ते पूजेपुरते बाहेर येतात आणि पुन्हा डब्यात जातात. इतरत्र सव्व्याचे अकरा किंवा एकवीस झाले आहेत.

देवाला काही याने उणे पडणार नाही. पण सव्वा हा शब्द आता घड्याळात आणि शंभरांच्या मोजणीत उरला आहे: सव्वासात, सव्वाशे. घड्याळ अजून पावापावाने मोडते म्हणून पावणे, सव्वा आणि साडे शिल्लक आहेत. आकड्यांचा काटा तिथेही मुलांच्या तोंडी ‘सात पंधरा’ करू लागला आहे. पाऊण शब्द सुमारे दोन हजार वर्षे टिकला तो भाषेच्या प्रेमामुळे नव्हे, तर एखाद्याचा पाव भाग बुडू नये या गरजेमुळे. ती गरज ज्यांना आहे ते लोक आजही जुन्नर-आंबेगावच्या बाजारांत आहेत. शब्द मात्र त्यांच्या उपयोगाचा राहिलेला नाही.

वर्गात जुने पुस्तक उघडले आणि एखाद्या विद्यार्थ्याने किंमतीपुढची रेघ काय म्हणून विचारले, तर ‘पाव’ एवढे उत्तर पुरेसे आहे. वेळ असेल तर पुढे हेही सांगावे की ती रेघ ओढणारा माणूस पावाचा हिशेब मागत होता, आणि त्याला तो मिळत होता.